चार पावसाळ्यांच्या छत्र्या

मुंबई,
ता. १९ फेब्रुवारी १९७८

चि. चंद्रास,

सहदेवदादाचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

लडकू एव्हाना बोरवाडीला पोचला असेल आणि इस्पितळातल्या गमती रंगवून सांगत असेल. तिथल्या नर्सबाईंचा स्टो त्याने कसा दुरुस्त करून दिला, लिफ्टवाल्याला कसं चिडवलं, सगळं. तो हसवतो म्हणून तू हसत बसू नकोस. डॉक्टरांनी त्याला बाहेर बाकड्यावर बसवलं आणि मला एकट्याला आत बोलावलं. तिथे जे कळलं ते तुला लिहितोय. आईला यातलं निम्मंच सांग.

लहानपणच्या तापात त्याच्या पायांतलं बळ गेलं, ते काही परत येत नाही, हे तर आपल्याला ठाऊकच आहे. डॉक्टरांना काळजी पायांची नाही, जखमेची आहे. मी करून दिलेल्या बेअरिंगच्या गाडीवरून उतरला की तो जमिनीवर सरपटतो ना, त्याने कमरेखाली जखम झाली आहे आणि ती गड्याने आपल्या सगळ्यांपासून लपवली. ती हाडापर्यंत गेली तर माणूस हाती लागायचा नाही, असं डॉक्टर तोंडावर म्हणाले. दोन्ही आखडलेले गुडघे कापून सरळ करायचे, मग लोखंडी पट्ट्यांचे बूट आणि काखेत कुबड्या. जमिनीवरून उठला तरच जखम भरेल. बुद्धपौर्णिमा झाली की लगेच खाट देतो म्हणाले. त्यानंतर ते डॉक्टर परदेशी चालले. औषधं, रक्त, बूट मिळून दोन हजारांच्या घरात जाईल. माझं सोसायटीचं कर्ज तुला माहीतच आहे, तिथे आता हात घालता येत नाही.

म्हणून मी एक डोकं लढवलंय. जयंतीला कूपनं काढू. पहिलं बक्षीस ट्रान्झिस्टर, तो माझ्या ओळखीचा दुकानदार अर्ध्या किमतीत देतोय. कूपनावर छापायचं, बुद्धविहाराच्या छपरासाठी मदत. लडकूला खरं कारण अजिबात कळता कामा नये. चौक गावच्या त्या बागायतदाराने नाक्यावर त्याच्या अंगावर रुपया टाकला होता, आठवतं ना? लडकूने तो रुपया त्याच्याच दुरुस्त केलेल्या छत्रीत गुंडाळून परत पाठवला, आणि छत्री उघडल्यावर तो शेठच्या टाळक्यात पडला. असला मानी माणूस स्वतःसाठी वर्गणी काढू देईल होय? इस्पितळालाच जाणार नाही. तेव्हा गुपचूप. बुधाजीकाकांना विहाराचे प्रमुख म्हणून आणि पुतळामावशीला त्याची आई म्हणून सांगावं लागेल. बाकी कुणाला नको.

दुसरं म्हणजे उल्हासनगरला एक स्थळ आहे. छापखान्यात नोकरी, बायको वारली, मूलबाळ नाही. पनवेलच्या त्या माणसाने दुसरी आणून बसवली त्याला आता चार वर्षं झाली. काडीमोडही झाला. तू जन्मभर बालवाडीतल्या पोरांची नाकं पुसत बसणार आहेस का? मी बोलणं लावलंय. कळवीन.

आईला जपावे. पत्राचे उत्तर लगेच यावे, माझा इथे जीव थाऱ्यावर नाही.

तुझा,
सहदेवदादा


मु. बोरवाडी, पो. चौक, ता. खालापूर,
ता. ५ मार्च १९७८

तीर्थरूप दादा यांस,

चंद्रभागेचा साष्टांग जयभीम. वि. वि. आई बरी आहे, तुझी आठवण काढून दिवसाला एकदा रडते आणि दोनदा तुला शिव्या देते.

कूपनांची पुडकी मिळाली. बुधाजीकाकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले की विहाराचं नाव चांगल्या कामालाच लागतंय, होऊ दे. पण दादा, मला हे बरं वाटत नाही. का बरं वाटत नाही ते नीट सांगताही येत नाही. कूपन फाडताना हात अडखळतो. पुतळामावशीने परवा मला घरात नेऊन लडकूच्या धोतराचा डाग दाखवला. तो बघितल्यापासून मात्र मी तोंड मिटलं. माणूस राहिला तर खरंखोटं बघता येईल.

आणि ऐक, तुझ्या डोक्यात न आलेली गोष्ट घडली. विहारासाठी कूपनं निघाली म्हटल्यावर लडकू गाडी ढकलत स्वतः आमच्या ओट्यापाशी आला आणि दहा पुडकी मागायला लागला. तो नाक्यावर बसतो, येणारीजाणारी प्रत्येक एस.टी. त्याच्यासमोर थांबते, त्याच्याइतकी कूपनं कोण खपवणार, असं त्याचं म्हणणं. नाही कशी म्हणू? काय कारण सांगू? दिली. तो शीळ घालत गेला आणि मी चुलीपुढे जाऊन बसले. भाकरी करपली. आईने विचारलं तर धूर डोळ्यांत गेला म्हणून सांगितलं.

उल्हासनगरचं वाचलं.

वहिनींना जयभीम, बाळाला पापा. आमची आठवण ठेवून लिहीत जा.

तुझी बहीण,
चंद्रा


चौक नाका,
ता. २६ मार्च १९७८

मित्र सहदेव यास,

लडकूचा मनापासून जयभीम. पत्र लिहिण्यास कारण की, तुझी बहीण मला अजून पुडकी देत नाय. दिलेली संपली. तिला जरा दटाव. मागायला गेलो की ती माझ्याकडं बघतच नाय, चुलीकडं बघती. मी काय खाल्लं काय तिचं?

रसायनीला जाणाऱ्या टेंपोवाल्यांनी एकेकानं पाच पाच घेतली. कंडक्टर लोकांना मी सांगितलं, कूपन घ्या नायतर तुमच्या गाडीपुढं माझी गाडी आडवी लावतो. हसले आन घेतली. वरच्या ठाकूरवस्तीतली ठकी करवंदाच्या पाट्या घेऊन येती ना, तिनंबी एक घेतलं. ट्रान्झिस्टर लागला तर त्यो आमच्या बोलीत बोलंल का, म्हणून विचारत होती. मी म्हणलं, बोलायला लावू, नाय बोलला तर खोलून बघू.

खरं सांगू का, मला हे काम लई गोड लागतंय. विहार गळतो कुठं, तुला म्हाइती हाय? भिंतीकडंला, जिथं मी बसतो तिथंच. वंदना चालू असती, वरनं धार सुरू होती. तुमी सगळी उठून सरकता. मला सरकायला येळ लागतो, तवर मी भिजलेला असतो. मग सगळे माझ्याकडं बघतात. भिजण्याचं काय नाय रं, ते बघणं नको वाटतं. पत्रे चढले की तो ताप संपला. गवंड्याला सांगून दारात पायरीच्या जागी उतारबी करून घेणार हाय. मग मला कुणी उचलायला नको.

इस्पितळाचं काय झालं? डॉक्टर तुला आत काय बोलले ते तू सांगितलं नाय. मीबी विचारलं नाय. पैशाचं असंल तर बघू सावकाश. आधी विहार.

वहिनीच्या हातच्या सुक्या बोंबलाची आठवण येती. लोभ तर हायच, थोडे बोंबील पाठव.

तुझा,
लडकू


बोरवाडी,
ता. १६ एप्रिल १९७८

तीर्थरूप दादा यांस,

जयभीम. वि. वि. खुशाली नंतर लिहीन. आधी हे वाच, आणि खाली बसून वाच.

जयंतीच्या सकाळी आम्ही विहारापुढे पताका लावत होतो. इतक्यात खोपोलीकडून एक टेंपो आला. ड्रायव्हरशेजारी लडकू बसला होता, गळ्यात निळा रुमाल, आणि मागे कोऱ्या पत्र्यांची थप्पी. मला आधी समजेच ना. मग तो मोठ्याने सांगायला लागला, जयंतीनंतर भाव वाढणार होता, म्हणून खोपोलीच्या व्यापाऱ्याशी घासाघीस करून सगळे पैसे रोख मोजले आणि माल उचलला. सगळे म्हणजे सगळे, दादा. निम्म्याहून जास्त कूपनं त्यानेच खपवली होती आणि ते पैसे त्याच्यापाशीच होते. मी मागितले नव्हते. मागितले तर विचारेल, म्हणून मी गप्प राहिले होते. उरलेले त्याने आदल्या दिवशी बुधाजीकाकांच्या सुनेकडून नेले. काका कर्जतला गेले होते. तिला काही माहीत नव्हतं, विहाराचेच म्हटल्यावर तिने डबा पुढे केला.

पोरांनी लडकूला खांद्यावर घेऊन विहाराला फेरी मारली. लेझीम काय, ढोल काय! तो वरून मला हाका मारत होता की चंद्रे, बघ, तुझ्या दादाला पत्र लिही. बुधाजीकाका माझ्याकडे बघत होते. पुतळामावशी पदर तोंडात कोंबून मागच्या मागे घरी गेली. लोकांना वाटलं, पोराचं कौतुक पाहून म्हातारीला भरून आलं.

ट्रान्झिस्टर एका टेंपोवाल्याला लागला. आता मी काय करू ते कळव. तार केलीस तरी चालेल. 

तुझी,
चंद्रा


मुंबई,
ता. १९ एप्रिल १९७८

चि. चंद्रास,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून डोकं सुन्न झालं. तू त्याच्याकडून रोजच्या रोज पैसे का नाही घेतलेस? एवढी अक्कल नको? बालवाडीतलं पोरगं तरी बरं.

जाऊ दे. बुधाजीकाकांना घेऊन खोपोलीला जा आणि पत्रे परत कर. थोडा तोटा झाला तरी चालेल. लडकूला सांगा, माल हलका निघाला, बदलून आणतोय. काहीही सांगा, पण खरं सांगू नका. खाट हातची गेली तर त्या डॉक्टरची गाठ पुन्हा कधी पडणार? मी इथे कामावर दोनदा हातोडी बोटावर मारून घेतली. साहेब विचारतो, ओव्हाळ, लक्ष कुठे आहे. काय सांगू त्याला?

रागावू नकोस. रागावलीस तरी उत्तर लिही.

दादा


बोरवाडी,
ता. २८ एप्रिल १९७८

तीर्थरूप दादा यांस,

जयभीम. तुझं पत्र यायच्या आधीच पोरांनी पत्रे ठोकून टाकले. भोकं पाडलेले पत्रे कोण परत घेतो? माझी अक्कल काढलीस ती मी बाजूला ठेवली आहे, पुढे कधी उपयोगी पडेल.

मी लडकूला खरं सांगितलं.

नाक्यावर गेले तेव्हा तो एका स्टोची पिन साफ करत होता. उभ्या उभ्या सगळं बोलून टाकलं. जखमेचं, डॉक्टरांचं, कूपनांचं. तो मान खाली घालून पिन साफच करत राहिला. मग विचारलं, कुणाकुणाला ठाऊक होतं. मी नावं घेतली. म्हणाला, म्हणजे पाय ज्याचे तो सोडून सगळ्यांना. मी म्हटलं, तू नाही म्हटलं असतंस. तर त्याने वर बघितलं आणि एवढंच विचारलं, मी नाही कधी म्हणालो? मला विचारलं कुणी? मग स्टो पेटवून बघितला, ज्योत बरोबर आली, गिऱ्हाइकाला दिला. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. शेवटी मीच निघून आले आणि येताना रस्ताभर रडले. रस्त्यात लोक होते, तरी रडले.

दादा, तुझ्यावरही राग आहे आणि माझ्यावरही. त्याने आपल्याला खोटारडे म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. त्याने नुसतं विचारलं.

आई विचारते, सगळी अशी तोंडं पाडून का बसलीत. तिच्यासाठी दोन शब्द लिही.

चंद्रा


चौक नाका,
ता. १ मे १९७८

सहदेव यास,

जयभीम. मित्र असं आज लिहीत नाय. पुढच्या पत्रात बघू.

तू मला पाठीवर घालून चौथीपर्यंत शाळेत नेलास. तवा रोज विचारायचास, लडक्या, आज येतोस का घरी राहतोस. पोर होतास तवा विचारायचास. मुंबईला जाऊन शाणा झालास तसा विचारायचा बंद झालास. मला बाकड्यावर बसवून डॉक्टरशी आत बोलतोस? ढुंगण माझं, जखम माझी, आन बातमी तुला?

त्या बागायतदाराचा रुपया मी परत केला, तो काय मी मानी हाय म्हणून नाय. त्यानं रुपया टाकला होता. दिला असता तर घेतला असता. टाकलेलं आन दिलेलं येगळं असतं, एवढं तुला कळू नये? तू मला आधी सांगितलं असतंस ना, की लडक्या, तुझ्या पायाला पैसे पायजेत, तर मी कूपनं दुप्पट खपवली असती. माझ्याच पायांसाठी बोललो असतो तर माझ्या जिभेला आणखी धार आली असती.

आता ऐक. लोकांनी विहारासाठी दिले, ते विहाराला लागले. तो हिशेब मिटला, त्याला कुणी हात लावायचा नाय. रुसून मरायला मी काय खुळा नाय. इस्पितळात जाणार हाय. पैसे मी माझ्या पद्धतीनं उभे करतो. मे महिना लागलाय, घराघरांत छत्र्या बाहेर निघतात. नाक्यावर फळी लावलीया, वर खडूनं लिहिलंय: माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन हाय. आज पैसे द्या, चार पावसाळे छत्री फुकट दुरुस्त करून देईन. काडी मोडो, कापड फाटो, दांडा वाकडा होवो. लोक येऊन वाचतात आन विचारतात, चार पावसाळे जगशील काय रं? मी म्हणतो, छत्री देशील तर जगावंच लागंल.

तुझ्या घरी छत्र्या किती? पैसे मनीऑर्डरनं पाठव. दोस्तीखात्यात सूट मिळायची नाय.

लडकू सोनावळे


मुंबई,
ता. ७ मे १९७८

मित्र लडकू यास,

जयभीम. मी मित्रच लिहिणार, तू काय लिहायचं ते तू बघ.

चुकलो. तुझं पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं, ती म्हणाली की बरोबर झालं, तुमची अशीच जिरली पाहिजे. बाकड्यावर तुला बसवून आत गेलो तेव्हा मला वाटलं होतं, मी तुझं ओझं उचलतोय. तू ओझं नव्हतास रे, पाठीवर होतास तेव्हाही नव्हतास. बडबड करून माझेच पाय हलके करायचास.

तीन छत्र्यांचे पैसे पाठवतोय. आमच्या खात्यातल्या आठ जणांनीही दिले, फळीवर काय लिहिलंय ते त्यांना जसंच्या तसं सांगून. त्यांच्या छत्र्या मी घेऊन येईन. इस्पितळात डॉक्टर जे बोलतील ते तुझ्यासमोर बोलतील. मी बाहेर बाकड्यावर बसेन, हवं तर.

बोंबील पाठवले आहेत. तेवढ्यावर तरी राग उतरावा.

तुझा,
सहदेव


बोरवाडी,
ता. २१ मे १९७८

तीर्थरूप दादा यांस,

जयभीम. वि. वि. आपलं घर छत्र्यांनी भरलं आहे. ओट्यावर छत्र्या, माळ्यावर छत्र्या, आईच्या खाटेखाली छत्र्या. ती म्हणते, एवढी वटवाघळं कुणी आणून टांगली. प्रत्येक मुठीला लडकूने रंगीत दोरा बांधलाय, गावाचा रंग वेगळा. लोहोपचा पिवळा, वावोशीचा तांबडा. ठकीकडे छत्री नाही, इरलं आहे. तिने पैसे दिले आणि इरलंच पुढे केलं. त्याने तेही घेतलं, तिथल्या तिथे बांबूची काडी बसवून दिली आणि चार पावसाळे म्हणून सांगितलं.

आणि तो बागायतदार आला! स्वतः, गाडीतून उतरून, काळी लांब छत्री घेऊन. लडकूने त्याला बाकीच्यांच्या मागे उभा केला. तो राहिला, घाम पुसत. पाळी आल्यावर पैसे हातात दिले, टाकले नाहीत. लडकूने छत्री उघडून बघितली, आत काही ठेवलं नाही ना, म्हणून. सगळे हसले, तो माणूसही हसला. मला मात्र रडू येत होतं, आता कशालाही येतं.

पैसे जमले. थोडे कमी आहेत ते बुधाजीकाका बघतो म्हणाले, लडकूसमोर म्हणाले. पण लडकू खाटेवर असताना पावसात मोडलेल्या छत्र्या कोण दुरुस्त करणार? शब्द चार पावसाळ्यांचा आहे, त्यातला पहिला तर आलाच. मी करणार. तो रोज दुपारी मला शिकवतोय. पहिल्या दिवशी काडी डोळ्यात जाता जाता राहिली. तो म्हणाला, बालवाडीची बाई, इथं पोरं नाहीत, तारा आहेत, दटावून ऐकत नाहीत.

आता तुझं. काल उल्हासनगरहून त्या लोकांचं पत्र आलं की मुलीकडून होकार आल्याप्रमाणे आषाढाच्या आधी तारीख धरू. होकार? कुणी दिला? लडकूला चुकलो म्हणून एवढं छान पत्र लिहिलंस, त्याने मला वाचून दाखवलं, आम्हाला दोघांनाही भरून आलं. त्याच हाताने तिकडे माझा होकार लिहिलास? दादा, मला विचारलंस का रे? त्यांना नकार कळव. तुला जमत नसेल तर मी कळवते, मला पत्ता आहे.

मला फार राग आलाय. तरी तुझीच,

चंद्रा


मुंबई,
ता. १३ जून १९७८
(कार्ड)

चि. चंद्रास, आशीर्वाद. ऑपरेशन झालं. ताप उतरत नाही, दोन बाटल्या रक्त दिलं, एक माझं. बडबडत नाही, हीच मोठी काळजी. पुतळामावशी पायथ्याशी बसून आहे. डॉक्टरांनी आज सांगितलं, डावा गुडघा मनासारखा सरळ झाला नाही. त्याच्यासमोर सांगितलं. त्याने ऐकलं आणि डोळे मिटले. उल्हासनगरला नकार कळवला. तुझी माफी भेटल्यावर मागेन. — दादा


बोरवाडी,
ता. ६ ऑगस्ट १९७८

श्री. लडकू सोनावळे यांस,

चंद्रभागेचा जयभीम. श्री. लिहिलं म्हणून हसू नकोस, तुला कधी पत्र लिहिलं नव्हतं, कसं सुरू करायचं ते सुचेना.

ताप गेला आणि तू वॉर्डातल्या लोकांना शिव्या द्यायला लागलास, असं दादाने कळवलं तेव्हा आईने गूळ वाटला. त्याआधी कितीतरी दिवस मला घास गोड लागत नव्हता. पावसाचा जोर वाढला की वाटायचं, एवढ्यात कुणीतरी कार्ड घेऊन येईल. पोस्टमन बुवा दिसले की मी आत जायची. ते बिचारे विचारायचे, बाई, माझं काही चुकलं का.

नाक्यावर तुझ्या जागी मी बसते. बालवाडी सुटली की येते. लोक आधी बघायचे, बाईमाणूस छत्र्या करते म्हणून, आता छत्री पुढे करून चहा प्यायला जातात. वावोशीची छत्री लोहोपला गेली ती परत आणली. बागायतदाराची काडी दोनदा मोडली, तो मुद्दाम मोडतो की काय कोण जाणे. छत्री उघडायचा खटका बसवणं अजून मला जमत नाही, तेवढ्या छत्र्या बाजूला ठेवल्या आहेत. तुझ्या जागेवर बसलं की सगळ्यांचे गुडघे दिसतात आणि तोंड बघायला मान वर करावी लागते. संध्याकाळी मान दुखते. तू इतकी वर्षं कधी बोलला नाहीस.

विहार गळत नाही. तुझ्या भिंतीकडची जागा कोरडी आहे, तिथे कुणी बसत नाही.

आता जे लिहायला पत्र घेतलं ते लिहिते. मांडीवर तुझी फळी घेतली आहे, तिच्यावर कागद ठेवून लिहितेय. माझ्या मनात तू आहेस. कधीपासून ते मला सांगता येणार नाही, पण पनवेलहून परत आले तेव्हा सगळी बोरवाडी माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तू फक्त म्हणालास, तुझ्या कंदिलाची काच तडकली आहे, ठेवून जा. त्या दिवसापासून असेल. माझ्याशी लग्न करशील का? दयेपोटी विचारत नाही. दया आली असती तर तुझ्यामागे गुपचूप कूपनं काढली असती. एकदा तसं केलं, त्याचं फळ बघितलं. म्हणून हे तुझ्यासमोर, सरळ. नाही म्हणालास तरी छत्र्या मी करीनच, चार पावसाळे. त्यावर परिणाम होणार नाही. उत्तर मात्र दे. हो की नाही ते दे, पण मला ताटकळत ठेवू नकोस.

चंद्रा


मुंबई, इस्पितळातून,
ता. २० ऑगस्ट १९७८

चंद्रा हिला,

लडकूचा जयभीम. तुझं पत्र येऊन लई दिवस झाले. मुद्दाम ताटकळत ठेवलं नाय. मला एकदा उभं राहून बघायचं होतं, मग लिहायचं होतं. आडवा असताना माणूस कशालाबी हो म्हणतो.

काल उभा राहिलो. बूट म्हणजे दोन घमेली बांधल्यावानी जड. उजवा पाय ऐकतो, डावा अजून हट्टाला पेटलाय, त्याच्या टाचेखाली लाकडाचा ठोकळा लावणार हायेत. जखम भरत आली. दोन दांड्यांना धरून उभं केलं आन आई रडाय लागली, ती थांबंनाच. सहदेव पुढं उभा होता, मी पडलो तर झेलायला. उभा राहून मला पयली गोष्ट काय दिसली सांगू? त्याला टक्कल पडलंय! पाठीवर बसून शाळेत जायचो तवा त्या डोक्यावर रान होतं. उतरल्यापासनं ते डोकं वरनं बघितलंच नव्हतं. मी एवढा हसलो की नर्सबाईनं मला धरून खाली बसवला. सहदेव लाजला. मग तोबी रडला.

हे लोक म्हणतात, आता तू माणसांत आलास. मी म्हणलं, मग आधी कुठं होतो रं?

आता तुझं. मला डॉक्टरनं विचारलं नाय, सहदेवनं विचारलं नाय, तू विचारलंस. तेबी असं की नाय म्हणायला जागा ठेवलीस. म्हणून नाय म्हणत नाय. हो, चंद्रे. तुझ्या कंदिलाची काच तडकलीच नव्हती. तू उंबऱ्यात उभी होतीस आन मला काय बोलावं सुचलं नाय, म्हणून काच म्हणलो. ती बदलून नवी टाकावी लागली, पदरच्या पैशानं.

लग्न विहारात, आपल्या पत्र्यांखाली. गवंड्याला सांगून उतार करून घे, मी येईपर्यंत थांबू नको. खटक्याच्या छत्र्या तशाच ठेव, आल्यावर शिकवतो. आन एक. लग्नाच्या दिवशी लडकूला कुबड्यांवर उभा करायचा, फोटो काढायचा, असं सहदेव, माझा होकार त्याला सांगितल्यापासनं, ठरवाय लागलाय. त्याला सांग, मला विचार म्हणावं. मी बसणार हाय. उभ्यानं माणसाचं टाळकं दिसतं, बसल्यावर तोंड दिसतं. त्या दिवशी मला तुझं तोंड बघायचं हाय.

लोभ असावा असं लिहायची पद्धत हाय, पण तू विचारलंस त्यातच तो आला.

तुझा,
लडकू